खुर्ची कुणाला द्यायची, त्याआधी ती परत कशी घ्यायची

"ताई, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात अभिरूप संविधान सभा भरते, आणि यंदा कार्यकारी सत्तेच्या समितीची मी प्रमुख आहे. देश काल्पनिक आहे. तीन मोठे भाषक गट, पण एकही निम्म्याहून जास्त नाही. सहा-सात पक्ष. मागे एकदा लष्करी राजवट होऊन गेलेली. संसदीय की अध्यक्षीय, यातली एक पद्धत निवडून आम्हाला मसुदा द्यायचा आहे. समितीत सहा विरुद्ध सहा अशी फूट पडली आहे आणि तेरावं मत माझं आहे. मनातून मी अध्यक्षीयकडे झुकले आहे. सारखी पडणारी सरकारं, सदस्यांची पळवापळवी, आघाडीतले रुसवेफुगवे यांचा वीट आलाय. लोकांनी एकदाच थेट माणूस निवडावा आणि पाच वर्षं त्याला काम करू द्यावं, असं वाटतं. पण हात वर करायची वेळ आली की कचरते. एक मित्र म्हणतो, दोन्हीतलं चांगलं घेऊन मधला मार्ग काढ. काय करू?
— तेराव्या मताची धनीण"

प्रिय तेराव्या मताच्या धनिणी,

तुझ्या पत्रातली जवळजवळ सगळी तक्रार पडणाऱ्या सरकारांबद्दल आहे. अध्यक्षीय पद्धतीत तुला काय आवडलं, याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. म्हणजे तू एका पद्धतीवर वैतागली आहेस म्हणून दुसरीकडे निघाली आहेस. वैतागून पक्ष बदलता येतो, फार तर पुढच्या निवडणुकीत परत येता येतं. राज्यघटनेचं तसं नसतं. ती बदलायला मोठं बहुमत लागतं, आणि तोवर त्या खुर्चीवर कुणीतरी मांड ठोकून बसलेला असतो. त्याला ती घटना छान मानवलेली असते.

आधी फरक नेमका कुठे आहे ते पक्कं करू. राष्ट्रप्रमुख वेगळा की तोच, मंत्री सभागृहातले की बाहेरचे, ही यादी तुला पाठ असेल. ती बाजूला ठेव. एकच प्रश्न विचार: सभागृहाचा विश्वास उडाला एवढ्या एका कारणाने सरकारच्या प्रमुखाला घरी जावं लागतं का? जावं लागत असेल तर पद्धत संसदीय. मुदत संपेपर्यंत तो जागचा हलत नसेल तर अध्यक्षीय. पदाच्या नावावर जाऊ नकोस. दक्षिण आफ्रिकेच्या प्रमुखाला राष्ट्राध्यक्ष म्हणतात, पण त्याला संसद निवडते आणि अविश्वास ठरावाने संसदच काढू शकते. स्वित्झर्लंड दोन्ही चौकटींत बसत नाही: सात जणांचं मंडळ संसद निवडते, पण एकदा निवडलं की चार वर्षं त्याला हात लावता येत नाही. समितीत कुणी नुसत्या नावावरून भांडत असेल तर त्याला हे सांग, सगळ्यांचा वेळ वाचेल.

आता तो एक प्रश्न प्रत्यक्षात कसा चालतो ते बघ. मे १९४०. जर्मन सैन्य नॉर्वेत उतरलं होतं आणि ब्रिटनची तिथली मोहीम फसली होती. ७ आणि ८ मे रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यावर चर्चा झाली आणि शेवटी मतदान झालं. पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. ८१ चं मताधिक्य म्हणजे कुठल्याही आघाडी सरकारला हेवा वाटावा असं. पण त्यांचं एरवीचं मताधिक्य दोनशेच्या वर असायचं. त्यांच्याच बाकांवरचे चाळीसच्या आसपास सदस्य विरोधात गेले होते, आणि आणखी कित्येकांनी मत दिलंच नव्हतं. आकडा वाचला गेला आणि जिंकलेला माणूस संपला. १० मे रोजी, हिटलरचं सैन्य हॉलंड आणि बेल्जियममध्ये घुसलं त्याच दिवशी, चर्चिल पंतप्रधान झाले. निवडणूक झाली नाही, खटला चालला नाही, न्यायालयात कुणी गेलं नाही. ऐन युद्धात तीन-चार दिवसांत प्रमुख बदलला आणि कारभार एक दिवसही थांबला नाही.

अमेरिकेत १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग, म्हणजे पदावरून काढण्यासाठीचा संसदेतला खटला, चालला. सिनेटमध्ये दोषी ठरवणारी ३५ मतं पडली, निर्दोष ठरवणारी १९. दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडलं आणि जॉन्सन राहिले. पुढे क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग चालला. निकाल तोच. निक्सन १९७४ मध्ये गेले, पण ते प्रतिनिधिगृहाचं मतदान होण्याआधी राजीनामा देऊन. सिनेटने आजपर्यंत एकाही अध्यक्षाला पदावरून काढलेलं नाही. आणि महाभियोग मुळात आहे तो गैरकृत्यासाठी. धोरण साफ चुकतंय, देश गाळात चाललाय, पण गुन्हा म्हणावा असं काही हातून घडलेलं नाही, अशा अध्यक्षाचं काय करायचं? काही नाही. कॅलेंडरकडे बघत बसायचं.

तुझ्या देशात लष्करी राजवट होऊन गेली आहे, म्हणून दक्षिण कोरियाचं उदाहरण समितीत जरूर मांड. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेच्या इमारतीत शिरत होते आणि सदस्य कुंपणावरून चढून आत पोचत होते. पोचलेल्या १९० जणांनी एकमताने तो कायदा उठवायचा ठराव केला. १४ डिसेंबरला ३०० पैकी २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला, आणि घटना न्यायालयाने यून यांना पदावरून काढलं ते ४ एप्रिल २०२५ ला. मधल्या काळात हंगामी प्रमुखावरही महाभियोग होऊन गेला. हे यशाचं उदाहरण आहे बरं का! सगळ्या संस्था ताठ उभ्या राहिल्या, लोक रस्त्यावर उतरले, तरीसुद्धा चार महिने लागले.

इथवर वाचून तू लगेच हात वर करायला निघाली असशील तर जरा थांब. कारण संसदीय पद्धतीच्या बाजूचे तुझे सहा जणही एक गोष्ट विसरत असणार, आणि माझ्या मते अख्ख्या मसुद्यात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

चेंबरलेन गेले ते मागच्या बाकांवरच्या त्या चाळीस जणांमुळे. स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिल्यावरही त्यांचं सदस्यत्व शाबूत होतं. पक्षादेश मोडला की जागाच जाते, असा नियम तेव्हा असता तर त्यांतले किती जण उठले असते? भारतात १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. सदस्यांची सर्रास पळवापळवी चालली होती, त्यावर तो उपाय होता आणि दुखणं खरंच होतं. पण त्या उपायाने प्रत्येक मतदानात सदस्य पक्षादेशाला बांधला गेला. बांगलादेशाच्या घटनेत तर १९७२ पासूनच ७० वं कलम आहे: पक्षाविरुद्ध मत दिलं की जागा रिकामी. त्या देशाचा प्रवास तुझ्या समितीला उपयोगी पडेल. १९७२ मध्ये संसदीय, १९७५ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीने अध्यक्षीय आणि एकपक्षीय, १९९१ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने आणि सार्वमताने पुन्हा संसदीय. कागदावर सत्ता संसदेकडे परत आली होती. प्रत्यक्षात ती पंतप्रधानाच्या हातात गोळा होत गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार पडलं ते रस्त्यावरच्या उठावाने. संसदेला ते काम कधी करताच आलं नसतं.

संसदीय पद्धतीत सरकार आणि सभागृह एकाच बहुमताच्या मुठीत असतात. त्या बहुमताच्या तोंडाला कुलूप लावलं की जो प्रमुख तयार होतो, तो अध्यक्षापेक्षाही मोकाट असतो. अमेरिकेच्या अध्यक्षाला पैशासाठी निदान काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दारात उभं राहावं लागतं. या पंतप्रधानाला तेही करावं लागत नाही. त्यामुळे सदस्याला स्वतःच्या पक्षप्रमुखाविरुद्ध मत द्यायची मोकळीक ठेवणार नसाल तर संसदीय पद्धत घेऊच नका, असं मी त्या सहा जणांना सांगेन. तशा सभागृहापेक्षा अध्यक्ष परवडला.

मग पळवापळवीचं काय, असं तू विचारशील. तिचा इलाज मतावर बंदी घालण्यात नाही, मोबदल्यावर बंदी घालण्यात आहे. सदस्याला कुठल्याही ठरावावर हवं तसं मत देऊ दे. पण दुसऱ्या पक्षात गेला तर जागा सोडावी लागेल, आणि पुन्हा निवडून आल्याशिवाय मंत्रिपद किंवा कुठलंही लाभाचं पद मिळणार नाही. भारताने २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने यातलं एक पाऊल टाकलं: पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही, आणि मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर थांबवला. वाटायला मंत्रिपदंच कमी असली की बाजारही थंडावतो.

आता तुझ्या मूळ तक्रारीकडे येते. सरकारं पडतात, हे खरं. फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारं आली-गेली. भारतात १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं, आणि पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार जमवता आलं नाही. पाडायला एकी, बनवायला बेकी: खरा रोग हा आहे. वायमार काळातल्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताक जर्मनीने तो सगळ्यात वाईट रूपात भोगला. एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन टोकं सरकार पाडायला मात्र एकत्र यायची.

म्हणून १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या घटनेत, कलम ६७ आलं. चॅन्सलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, काढायचं असेल तर त्याच ठरावात नवा चॅन्सलर बहुमताने निवडावा लागतो. नुसतं 'हा नको' चालत नाही, 'हा नको आणि तो हवा' असं एकाच मतात सांगावं लागतं. एप्रिल १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्ध हा प्रयत्न झाला. राइनर बार्त्सेल यांना २४९ मतं हवी होती, मिळाली २४७. ब्रांट राहिले. १ ऑक्टोबर १९८२ ला मात्र हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानात हेल्मुट कोल आले. स्पेननेही हीच तरतूद घेतली, आणि १ जून २०१८ ला तिथे मारियानो राहॉय यांच्या जागी पेद्रो सांचेझ १८० मतांनी बसले. सत्तेची खुर्ची मधल्या काळात रिकामी राहिली नाही.

हिशोब बघ. १९४९ ते २०२५ या काळात जर्मनीत दहा चॅन्सलर झाले. त्याच काळात अमेरिकेच्या खुर्चीवर चौदा माणसं बसून गेली. तिथे दोन कारकिर्दींची मर्यादा आहे, त्यामुळे तुलना अगदी काट्यावरची नाही. तरी 'संसदीय म्हणजे अस्थिर' हे समीकरण तेवढ्यानेही मोडतं.

आणि मुदत पक्की असलेल्या अध्यक्षाला ती पाच वर्षं 'काम करू दिलेली' असतात का? तोही निवडून आलेला, सभागृहही निवडून आलेलं. दोघं अडून बसले तर लोकांचा खरा कौल कुणाकडे, हे सांगणारा तिसरा कुणी नसतो. अमेरिकेत २०१८-१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या खर्चावरून अडवणूक झाली आणि केंद्र सरकारचा बराचसा कारभार ३५ दिवस ठप्प राहिला. तिथे संस्था जुन्या आणि खोल रुजलेल्या आहेत, म्हणून एवढ्यावर निभावलं. चिलीत साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये ३६.६ टक्के मतांवर पहिले आले. काँग्रेस विरोधकांच्या हातात होती, तिच्याकडे त्यांना काढण्याइतकी मतं नव्हती आणि त्यांच्याकडे राज्य चालवण्याइतकी नव्हती. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सगळाच पट उधळला. त्या शोकांतिकेला इतर बरीच कारणं होती, पण संसदीय चौकटीत ते सरकार एखाद्या साध्या मतदानात पडलं असतं, हा विचार मनातून जात नाही. पेरूत अल्बर्टो फुजिमोरी यांनी ५ एप्रिल १९९२ ला उलट्या बाजूने गाठ तोडली: काँग्रेसच बरखास्त केली. तीस वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, पेद्रो कास्तियो यांनी तोच डाव टाकायचा प्रयत्न केला आणि काही तासांत पद घालवून बसले.

तुझ्या अध्यक्षवादी सहा जणांवर मात्र अन्याय नको. त्यांच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे, आणि तुझ्या पत्रावरून वाटतं की त्यांनी तो केलाच नाही. तो तुझ्या तीन भाषक गटांशी जोडलेला आहे.

नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला तो संसदीय पद्धत घेऊन. पक्ष प्रदेशाप्रदेशांत वाटलेले, प्रत्येकाला आपापल्या भागातली मतं पुरेशी, त्यामुळे दुसऱ्याच्या भागात जाऊन हात जोडायची कुणाला गरजच नव्हती. जानेवारी १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९७९ च्या नव्या घटनेत त्यांनी विचारपूर्वक अध्यक्षीय पद्धत निवडली आणि अट घातली: सर्वाधिक मतं तर हवीतच, शिवाय किमान दोन-तृतीयांश राज्यांत प्रत्येकी निदान एक-चतुर्थांश मतं हवीत. एका गटाच्या जिवावर कुणी निवडून येऊच शकणार नाही. कल्पना सुंदर आहे. केनियाने २०१० मध्ये तिचं आपलं रूप घेतलं: निम्म्याहून जास्त मतं, आणि ४७ पैकी निम्म्याहून जास्त काउंटींत किमान २५ टक्के. इंडोनेशियातही याच धाटणीची अट आहे.

पण पहिल्याच निवडणुकीत नायजेरियात काय झालं ते ऐक. राज्यं होती १९. दोन-तृतीयांश म्हणजे १२ पूर्णांक दोन-तृतीयांश. शेहू शगारी यांना १२ राज्यांत पुरेशी मतं होती, तेराव्यात नव्हती. निवडणूक यंत्रणेने १२ राज्यं आणि तेराव्या राज्याचे दोन-तृतीयांश असा हिशोब लावला, प्रतिस्पर्धी ओबाफेमी आवोलोवो सर्वोच्च न्यायालयात गेले, निकाल शगारींच्या बाजूने लागला. देशाचा प्रमुख कोण, हे शेवटी एका अपूर्णांकावर ठरलं. तुझ्या समितीत कुणी असं कलम लिहिणार असेल तर आधी भागाकार करून बघायला सांग. ते प्रजासत्ताकही ३१ डिसेंबर १९८३ ला लष्कराने गुंडाळलं, पण म्हणून अटीतला विचार खोटा ठरत नाही.

तरीही या युक्तिवादाने माझं मत पालटत नाही, कारण अशा अटीमुळे सगळ्या गटांना चालेल असा माणूस मिळतो, सगळ्या गटांची सत्ता मिळत नाही. खुर्ची एकच राहते, ती एका गटाच्या माणसाकडे जाते आणि उरलेले दोन गट पुढची पाच वर्षं बाहेर. मंत्रिमंडळ वाटता येतं. आघाडीतले रुसवेफुगवे तुला नकोसे वाटतात ते मला समजतं, पण ज्या देशात कुणाचंच बहुमत नाही तिथे ते रुसवे म्हणजे वाटाघाटी आहेत. त्या सभागृहात झाल्या नाहीत तर कुठे होतील, हे लष्कर पाहिलेल्या देशाला सांगायला नको.

मित्राच्या मधल्या मार्गाबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही, कारण सहा-सहाच्या तिढ्यात समित्या नेमक्या तिथेच घसरतात. इस्रायलने हे करून पाहिलं. लहान पक्षांच्या सौदेबाजीला ते कंटाळले होते, अगदी तुझ्यासारखे. १९९२ मध्ये कायदा केला की पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा, पण त्याला संसदेचा विश्वासही लागणार. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका आल्या. झालं असं की लोकांनी एक मत मोठ्या पक्षाच्या नेत्याला पंतप्रधान म्हणून दिलं, आणि दुसरं मत निश्चिंत मनाने आपल्या आवडत्या लहान पक्षाला. १२० च्या सभागृहात दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ मध्ये ७६ जागा होत्या. १९९६ मध्ये त्या, मित्रपक्ष धरूनसुद्धा, ६६ झाल्या आणि १९९९ मध्ये ४५. ज्या लहान पक्षांचं ओझं कमी करायचं होतं, त्यांचीच सद्दी वाढली. २००१ मध्ये कायदा रद्द झाला आणि २००३ ची निवडणूक जुन्या पद्धतीने झाली.

फ्रान्सचं मिश्रण टिकलं आहे, पण तिथेही १९८६ ते २००२ या काळात तीनदा अध्यक्ष एका बाजूचा आणि पंतप्रधान दुसऱ्या बाजूचा असा संसार करावा लागला. वायमारही एक मिश्रणच होतं. थेट निवडलेला अध्यक्ष, सभागृहाला बांधलेला चॅन्सलर आणि वटहुकमांचं ४८ वं कलम. १९३० नंतर सभागृह अडलं की कारभार वटहुकमांवर चालू लागला, आणि ३० जानेवारी १९३३ ला अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सलर नेमलं. मिश्रण करायचंच असेल तर कुणाचा अधिकार कुठे संपतो ते आधी लिहा. नुसती समितीतली भांडणं मिटवायला करू नका.

एक गोष्ट तुझ्या पथ्यावर आहे: तुझ्या काल्पनिक देशात अजून कुणी नेता नाही. खऱ्या देशांत पद्धत बदलायची हाक बहुधा खुर्चीवर बसलेल्या माणसाकडूनच येते. श्रीलंकेत जयवर्धने १९७७ मध्ये पंतप्रधान झाले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वतःच पहिले कार्यकारी अध्यक्ष. तुर्कस्तानात एप्रिल २०१७ च्या सार्वमतात ५१.४ टक्क्यांनी अध्यक्षीय पद्धत आली आणि पंतप्रधानपदच गेलं. ब्राझीलमध्ये उलटं घडलं: १९६१ मध्ये झुआओ गुलार्त अध्यक्ष म्हणून फार प्रबळ होऊ नयेत, यासाठी घाईघाईने संसदीय पद्धत आणली, जानेवारी १९६३ च्या सार्वमताने ती काढली, आणि पुढच्या वर्षी लष्कर आलं. माणूस समोर ठेवून शिवलेला अंगरखा पुढच्याला कधीच बसत नाही.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना हाच प्रश्न घेतला होता. स्थैर्य आणि उत्तरदायित्व दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असं ते म्हणाले. अध्यक्षीय पद्धतीत सरकारचा हिशोब ठराविक काळाने, म्हणजे निवडणुकीत होतो. संसदीय पद्धतीत तो रोजही होतो, प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चेतून. मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं. तुझ्या समितीने ते भाषण मुळातून वाचावं. मान्य करण्यासाठीच वाचावं असं नाही, पण एवढ्या नेमक्या शब्दांत हा पेच मांडलेला क्वचितच सापडतो.

तर माझा सल्ला असा. तेरावं मत संसदीयला दे, पण कोऱ्या चेकसारखं देऊ नकोस, अटी घालून दे. विधायक अविश्वास ठराव, म्हणजे जर्मनीसारखा: जुन्याला काढतानाच नवा निवडायचा. सदस्याला मताची मोकळीक, पक्षांतराला मंत्रिपदाचा मोबदला नाही. निवडणुकीनंतर सरकार बनवायला मुदत: बेल्जियममध्ये २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण सरकार नव्हतं. स्पेनच्या घटनेत पहिल्या विश्वासमतानंतर दोन महिन्यांत कुणी निवडला गेला नाही तर सभागृह विसर्जित होतं, ते कलम उचल. आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार सरकारला असेल, पण ठराविक दिवसांत सभागृहाने उचलून धरली नाही तर ती आपोआप संपेल आणि त्या काळात सभागृह विसर्जित करता येणार नाही. लष्करी राजवट पाहिलेल्या देशात हे कलम सगळ्यात आधी लिहा, म्हणजे शेवटच्या रात्री घाईत राहून जाणार नाही.

अध्यक्षवादी सहा जण तुझं मन वळवण्यात यशस्वी झाले तरी ठीक आहे, मी रागावणार नाही. पण मग त्यांच्याकडून हे लिहून घे: निम्म्याहून कमी मतांवर कुणी निवडून येणार नाही, दुसरी फेरी होईल. अध्यक्ष आणि सभागृह यांची निवडणूक एकाच दिवशी. अध्यक्षाला सभागृह बरखास्त करता येणार नाही. अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर गेल्या वर्षीचा तात्पुरता चालू राहील, कारभार बंद पडणार नाही. आणि किती वेळा निवडून येता येईल ही मर्यादा वाढवली तरी तिचा फायदा तेव्हाच्या अध्यक्षाला मिळणार नाही.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी एक कलम हमखास राहतं, म्हणून वेगळं लिहिते: प्रमुख मधेच मेला तर? अमेरिकेत विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ मध्ये शपथ घेतल्यावर एका महिन्यात वारले. उपाध्यक्ष जॉन टायलर अध्यक्ष झाले की फक्त अध्यक्षाचं काम पाहणारे, हे घटनेत स्पष्ट नव्हतं. टायलर यांनी 'मीच अध्यक्ष' म्हणून टाकलं आणि ते चालून गेलं. केनेडी गेल्यावर उपाध्यक्षाची खुर्ची चौदा महिने रिकामी होती, आणि हे सगळं नीट लिहिलं गेलं ते १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीत. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ ला समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत, मृतदेहही सापडला नाही. दोन दिवसांत जॉन मॅकइवेन यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली आणि पक्षाने नवा नेता निवडेपर्यंत तीन आठवडे कारभार पाहिला. तुमच्या मसुद्यात हंगामी प्रमुख कोण, किती दिवस, आणि तेवढ्यात त्याला सभागृह विसर्जित करता येईल की नाही, या तिन्ही गोष्टी एकाच कलमात लिहा. तिसरीचं उत्तर 'नाही' असं ठेवा.

— ताई